जवळची शाळा उरलेल्यांची नाही

एप्रिल-मे महिन्यांत जिल्हा परिषदेच्या शाळांतले गुरुजी आणि बाई पटनोंदणीसाठी दारोदार फिरतात. यंदा सहा वर्षं पूर्ण होणाऱ्या मुलांची यादी त्यांच्या हातात असते. दारात पाणी मिळतं, चहाही मिळतो. मूल मिळेलच असं नाही. "बघू सर, ह्यांच्याशी बोलून सांगते," एवढ्यावर निरोप होतो. शिक्षक पुढच्या घराकडे वळले की घरात जे बोलणं होतं ते महाराष्ट्रभर सारखंच आहे. तिथे शिकवत नाहीत. तिथे इंग्रजी नाही. तिथली मुलं कशी असतात, माहीत आहे ना. शिक्षकांची स्वतःची मुलं तरी तिथे आहेत का? आणि आता तर ती शाळा बंदच होणार म्हणतात. महापालिकेच्या शाळेबद्दल शहरातल्या चाळीत आणि सोसायटीत हीच वाक्यं ऐकू येतात.

या बोलण्याला उत्तर देणं गरजेचं आहे, कारण त्यावर लाखो मुलांची पहिली चार-पाच वर्षं ठरतात. यातलं प्रत्येक वाक्य कुठल्या ना कुठल्या शाळेबाबत खरं असेल. पण राज्यातल्या सुमारे ६५ हजार सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांना ते सरसकट लावलं की खोटं ठरतं. बोलणारा त्या शाळेत बहुधा फक्त मतदानाच्या दिवशी गेलेला असतो, आणि तेव्हा वर्ग भरलेला नसतो. माझं म्हणणं साधं आहे. प्राथमिक वयाच्या मुलासाठी घराजवळची सरकारी शाळा हा पालकांचा पहिला पर्याय असला पाहिजे. ती नाकारायची असेल तर आत जाऊन, पाहून, तपासून नाकारावी. ऐकीव गोष्टींवर मुलाचं बालपण ठरवू नये.

पहिला आक्षेप निकालाचा. खासगी शाळेतली मुलं वाचनात आणि गणितात पुढे दिसतात, हे पाहणी अहवालांतून वर्षानुवर्षं समोर येतं, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. प्रश्न असा की ही आघाडी शाळेमुळे आहे की घरामुळे? खासगी शाळेत मूल घालणाऱ्या घरात बहुतेक वेळा शिकलेली आई असते, थोडा अधिक पैसा असतो, शिकवणी असते. शाळेची कमाई आणि घराची कमाई वेगळी काढायची तर सारख्याच घरांतली मुलं दोन्हीकडे पाठवून बघावी लागतील. आंध्र प्रदेशात हे खरोखर केलं गेलं. कार्तिक मुरलीधरन आणि व्यंकटेश सुंदररामन या अर्थशास्त्रज्ञांच्या अभ्यासात १८० गावांतल्या सरकारी शाळांतल्या मुलांना सोडत काढून खासगी शाळेत जाण्यासाठी शुल्काची कुपनं दिली गेली. चार वर्षांनंतर सोडतीत नाव लागलेली आणि न लागलेली मुलं तपासली, तेव्हा तेलुगू आणि गणितात त्यांच्यात फरक आढळला नाही. हिंदीत खासगीतली मुलं पुढे होती, कारण सरकारी प्राथमिक शाळेत तो विषय जवळपास शिकवलाच जात नव्हता.

याच अभ्यासाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर विरोधक ती माझ्यासमोर ठेवतील. त्या खासगी शाळांचा दर मुलामागचा खर्च सरकारी शाळेच्या एक तृतीयांशापेक्षा कमी होता. म्हणून कोणी म्हणेल, तेवढंच शिक्षण स्वस्तात मिळतंय, मग सरकारी शाळा हवी कशाला? हा खर्च मुख्यतः शिक्षकांच्या पगारावर वाचतो. कमी शिकलेल्या, अप्रशिक्षित तरुणींना तुटपुंज्या मानधनावर राबवून तो वाचतो. शिवाय पालकाच्या खिशाचा हिशेब याच्या उलट आहे. जवळच्या शाळेत शुल्क नाही, बालभारतीची पुस्तकं मोफत, जेवण मोफत. दुसरीकडे शुल्क, व्हॅन, गणवेशाचे दोन-तीन प्रकार आणि दुसरीपासून शिकवणी. गणित आणि मातृभाषा तेवढीच येणार असेल, तर हा जास्तीचा पैसा नेमका कशासाठी जातो, हे प्रत्येक घराने स्वतःला विचारावं.

आणि सरकारी शाळा जागची हललेली नाही, हेही खरं नाही. 'असर' या शैक्षणिक पाहणीनुसार ग्रामीण भारतातल्या सरकारी शाळांत तिसरीच्या वर्गात दुसरीचा मजकूर वाचू शकणारी मुलं २०२२ मध्ये १६.३ टक्के होती. २०२४ मध्ये ती २३.४ टक्के झाली. करोनापूर्वीच्या २०१८ च्या पातळीच्याही ती वर गेली. हा आकडा समाधानाचा नाही. चारातल्या तीन मुलांना अजून तो मजकूर वाचता येत नाही, हे लाजिरवाणं आहे. पण 'तिथे काही होतच नाही' म्हणणाऱ्यांना ही वाढ कुठून आली ते सांगावं लागेल.

दुसरा आक्षेप इंग्रजीचा, आणि तोच सर्वांत जास्त मुलं ओढून नेतो. इंग्रजी यावी ही आईबापांची इच्छा रास्त आहे. तिची टिंगल करणाऱ्या, स्वतःची मुलं इंग्रजी शाळेत पाठवून इतरांना मराठीचा अभिमान शिकवणाऱ्या पुढाऱ्यांशी माझं काही जुळत नाही. पण वस्तुस्थिती पाहा. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, २००० सालापासून, महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी हा विषय आहे. असंख्य जिल्हा परिषद आणि पालिका शाळांत सेमी इंग्रजीचे वर्ग आहेत; त्यांत गणित इंग्रजीतून शिकवलं जातं. मुंबई महापालिका तर मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू आणि कन्नड अशा आठ माध्यमांच्या शाळा चालवते. 'इंग्रजी नाही' हे विधान पंचवीस वर्षं जुनं झालं आहे.

आता तालुक्याच्या गावातल्या दुसरीच्या मुलाची संध्याकाळ बघा. त्याच्या वहीत 'लिव्हिंग थिंग्ज' आणि 'नॉन-लिव्हिंग थिंग्ज' यांच्या दोन रांगा आहेत आणि तो डोळे मिटून त्या म्हणतोय. परसातली शेवग्याची शेंग कोणत्या रांगेत घालायची, असं आजीने विचारलं तर तो गप्प होतो, कारण शेवगा पाठात नव्हता. आई मराठीतून बारावी झालेली आहे. तिला उत्तर माहीत आहे, पण ते 'मिस'च्या भाषेत सांगता येत नाही. म्हणून ती मोबाइलवर शोधते आणि पुढच्या महिन्यापासून शिकवणी लावते. त्याच वयाचा जवळच्या शाळेतला मुलगा बेचाळिसातून सतरा वजा करतो. त्याच्यासमोर दहा-दहा काड्यांचे चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या आहेत. सात सुट्या काढायच्या आहेत, आहेत फक्त दोन. तो एका गठ्ठ्याचं रबर सोडतो, दहा काड्या सुट्या होतात, आता बारातून सात जातात. उसनं म्हणजे काय, हे त्याच्या बोटांना कळलेलं असतं. घरी येऊन तो केरसुणीच्या हिरांवर हेच आईला करून दाखवतो आणि आई चूक दुरुस्त करू शकते. मातृभाषेतल्या शाळेचा फायदा मला इथे दिसतो: मुलाच्या शिक्षणात आईबाप भागीदार राहतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिकवण्याचा आग्रह धरला. पाया पक्का झालेलं मूल पुढे इंग्रजी शिकतं. पाठांतरावर ढकलत नेलेल्या मुलाची दोन्ही भाषांत ओढाताण होते.

तिसरा आक्षेप लोक दबक्या आवाजात घेतात: 'तिथली मुलं'. त्यामागे जात असते, वस्ती असते, बापाचा धंदा असतो. वीटभट्टीवरची, ऊसतोड मजुरांची, पालावरची मुलं आपल्या मुलाच्या शेजारी बसतील, ही ती भीती आहे. ज्या राज्यात सावित्रीबाई आणि जोतिराव फुल्यांनी १८४८ मध्ये मुलींसाठी शाळा काढली, त्या राज्यात हे बोलणं मला असह्य वाटतं. जोतिरावांनी १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढच्या निवेदनात सांगितलं होतं की सरकारचा महसूल कष्टकरी रयतेकडून येतो, पण शिक्षणाचा खर्च वरच्या वर्गांवर होतो; म्हणून आधी प्राथमिक शिक्षण द्या आणि ते बारा वर्षांपर्यंत सक्तीचं करा. सयाजीराव गायकवाडांनी अमरेली भागात १८९३ मध्ये आणि १९०६ पासून सगळ्या बडोदा संस्थानात सक्तीचं शिक्षण सुरू केलं. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापुरात मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड ठेवला. आज आपण 'झेडपीची शाळा' म्हणून नाक मुरडतो, ती या लढ्याची मिळकत आहे. थोडी ऐपत आली की तिथून मूल काढणं आणि मागे उरलेल्यांना नावं ठेवणं, हा त्या लढ्याशी द्रोह आहे.

ही विभागणी सरकारनेच पक्की करायचा घाटही घातला होता. शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांसाठी २५ टक्के जागा राखून ठेवल्या आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला त्यातून सूट दिली. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. मी जवळच्या सरकारी शाळेची बाजू मांडतो म्हणून या नियमाचं समर्थन करावं, असं कोणी म्हणालं तर माझं उत्तर ठाम नकार आहे. सरकारी शाळा चांगली असणं हे गरिबाला तिच्यात कोंडण्याचं कारण होऊ शकत नाही. ती सगळ्यांची झाली तरच चांगली राहील.

चौथा आक्षेप शिक्षकांचा. त्यांची मुलं कुठे शिकतात, हा प्रश्न योग्य आहे आणि तो शिक्षकांपुरता न ठेवता वरपर्यंत न्यावा. अलाहाबाद उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१५ मध्ये सरकारी तिजोरीतून पगार घेणाऱ्यांनी आपली मुलं सरकारी प्राथमिक शाळांत घालावीत, अशी व्यवस्था करायचा आदेश उत्तर प्रदेश सरकारला दिला होता. तो अमलात आला नाही, हे दुर्दैव आहे. आपल्याकडेही शिक्षकांनी, गटशिक्षणाधिकाऱ्यांनी, आमदारांनी हे करून दाखवावं. पण शिक्षकाची मुलं दुसरीकडे आहेत म्हणून त्याला शिकवता येत नाही, हे अनुमान चुकीचं आहे. पदविका आणि शिक्षक पात्रता परीक्षेची अट पार करून, गुणवत्तेच्या यादीतून तो नेमला जातो. त्याचा खरा शत्रू वेळ आहे. दोन शिक्षकी शाळेत पहिली-दुसरी एका खोलीत आणि तिसरी-चौथी दुसऱ्या खोलीत. त्यातल्या एकाकडे मतदारयादीचं काम, रोजची पोषण आहाराची ऑनलाइन नोंद, कुठल्या तरी उपक्रमाचे फोटो दुपारपर्यंत पाठवण्याचा निरोप. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ प्रमाणे जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांखेरीज बिगरशैक्षणिक काम शिक्षकाला देता येत नाही. तरी बाकीची कामं देतात, आणि मग वर्ग रिकामा दिसला की आपण गुरुजींवर बोट दाखवतो. ते बोट तालुक्याच्या आणि मंत्रालयाच्या दिशेने वळलं पाहिजे.

शेवटचा आक्षेप सर्वांत घातक आहे: 'पट नाही, म्हणजे लोकांनीच कौल दिला; मग शाळा चालवायची कशाला?' वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळांच्या जागी समूह शाळा, म्हणजे अनेक गावांची मिळून एक शाळा, काढायचा विचार शिक्षण विभागाने २०२३ मध्ये पुढे आणला. त्यासाठी नंदुरबारमधल्या तोरणमाळचं आणि पुणे जिल्ह्यातल्या पानशेतचं उदाहरण दिलं गेलं. कागदावर ते नीटनेटकं दिसतं. प्रत्यक्षात सहा वर्षांच्या मुलीला पावसाळ्यात ओढा ओलांडून गाडीची वाट बघत उभं राहावं लागणार, आणि गाडी आली नाही त्या दिवशी तिची शाळा बुडणार. पाचवीपर्यंतच्या मुलासाठी एक किलोमीटरच्या आत शाळा, हे कायद्याचं वचन आहे. पट बघून ते मोडू नये.

शिवाय पट आपोआप घटलेला नाही. मूल तीन वर्षांचं झालं की आईला त्याला कुठेतरी घालायचं असतं. अंगणवाडी महिला व बालविकास विभागाकडे, शाळा शिक्षण विभागाकडे. बहुतेक जिल्हा परिषद शाळांत पूर्वप्राथमिक वर्गच नाही. शेजारच्या इंग्रजी शाळेत नर्सरी आहे. मूल तिथे जातं, मित्र जमतात, देणगी भरलेली असते. सहाव्या वर्षी ते परत येईल ही अपेक्षा भाबडी आहे. जी शाळा स्पर्धेत तीन वर्षं उशिरा उतरवली जाते, ती हरली म्हणून तिला शिक्षा करणं अन्याय आहे. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण तीन ते आठ हा वयोगट एकच पायाभूत टप्पा मानतं. मग प्रत्येक शाळेला जोडून बालवर्ग आणि त्यासाठी प्रशिक्षित बाई द्या, आणि त्यानंतर पटाचा हिशेब मागा.

जिथे शाळेने आणि गावाने मिळून काम केलं, तिथे पट परत आला. पुणे जिल्ह्यातल्या वाबळेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत प्रवेशासाठी प्रतीक्षा यादी लागली. तिथले मुख्याध्यापक दत्तात्रय वारे पुढे खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या, बंद पडायच्या बेतात असलेल्या शाळेत गेले, आणि २०२५ मध्ये त्या शाळेने जगातल्या उत्तम शाळांच्या स्पर्धेत लोकांच्या मतांवर दिला जाणारा पुरस्कार मिळवला. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या शाळेतले रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. कोल्हापूर महापालिकेच्या जरगनगरच्या शाळेत पाडव्याला प्रवेश घेण्यासाठी पालकांच्या रांगा लागतात. हे अपवाद आहेत, असं म्हटलं जाईल. पण या शाळांत पगार तोच आहे, पुस्तकं तीच आहेत, खातं तेच आहे. त्याच नियमांत राहून हे घडतं, याचा अर्थ नियमांमुळे अडलेलं नाही. अडलेलं आहे ते आपल्या पाठ फिरवण्यामुळे आणि वरच्या अनास्थेमुळे.

म्हणून नव्या पालकांनी सुरुवात शाळेच्या दारापासून करावी. उन्हाळ्यात शाळापूर्व तयारी मेळावा भरतो, त्याला मुलाला घेऊन जा. व्हरांड्यात सात टेबलं मांडलेली असतात. एकावर नाव लिहायचं, पुढच्यावर दोरीवरून उडी मारायची, कागद दुमडायचा. मग रंगांप्रमाणे वस्तू वेगळ्या करायच्या, चित्र पाहून गोष्ट सांगायची, चिंचोके मोजून कमी-जास्त सांगायचं. कोणी नापास होत नाही. मूल काय स्वतः करतं आणि कशाला मदत लागते, एवढंच विकासपत्रावर लिहिलं जातं, आणि शेवटच्या टेबलावर ते आईला समजावून देतात. पुढचे काही आठवडे घरी काय खेळायचं, हेही सांगतात. प्रवेशासाठी चिमुरड्यांच्या आणि त्यांच्या आईबापांच्या मुलाखती घेणाऱ्या शाळांशी याची तुलना करा. अशी छाननी शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ ने निषिद्ध आहे.

शाळा भरलेली असताना एकदा वर्गात बसा. तिसरीच्या मुलाला न पाहिलेलं पान वाचायला सांगा. वाचनालयाची पुस्तकं मुलांच्या हातात आहेत की कपाटात, ते बघा. शिक्षकांची मंजूर पदं किती आणि भरलेली किती, हे विचारा. प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक हा कायदा आहे. मुलींचं स्वच्छतागृह उघडा, नळ सोडून पाहा. दुपारचं जेवण चाखा. पाचवीपर्यंतच्या मुलाला त्यातून ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत. एवढं पाहून शाळा खरोखर वाईट वाटली तर मूल तिथे घालू नका. कोणत्याही तत्त्वासाठी मुलाचं वर्ष वाया घालवावं, असं मी सांगणार नाही. पण तेव्हाही काय वाईट आहे, ते लेखी द्या.

आणि शाळा बरी वाटली, तर प्रवेशानंतर शाळा व्यवस्थापन समितीत जा. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. ही समिती शोभेची नाही. २०२४-२५ मध्ये 'एक राज्य, एक गणवेश' म्हणून कापड वरून आलं. गणवेश उशिरा मिळाले, अनेकांना मापात बसले नाहीत. तक्रारी वाढल्या, तेव्हा सरकारला ते काम पुन्हा समित्यांकडे सोपवावं लागलं. पालक बोलले की निर्णय फिरतो. मात्र ज्यांच्याकडे बोलायचं बळ आहे, तेच पालक सर्वांत आधी शाळा सोडून जातात, आणि मग उरलेल्या मजूर आईबापांनी रोजगार बुडवून तालुक्याला अर्ज द्यायचे.

जवळची शाळा बिघडली म्हणून आपण गेलो, की आपण गेलो म्हणून ती बिघडली, हा वाद कितीही घालता येईल. ती सुधारायचा मार्ग एकच आहे, आणि तो आपल्या मुलाचं बोट धरून तिच्या दारातून आत जातो. यंदा गुरुजी दारात आले तर "बघू" म्हणू नका. "उद्या वर्ग बघायला येते" म्हणा, आणि खरंच जा.